रोज कोथरूड ते हिंजवडी जायला केटीएम आरसी ३९० घ्यावी की टीव्हीएस अपाचे आरआर ३१०?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की उंची पाच फूट सहा इंच आहे, रोज कोथरूडहून हिंजवडीला जाऊन यायचं आहे आणि सुट्टीला ताम्हिणी किंवा वरंधा घाट करायचा आहे. मन आरसी ३९० वर बसलंय हेही तुमच्या लिहिण्यातून कळतं. तरीही आधीच सांगतो, या वापरासाठी मी आरआर ३१० घेईन. आरसी कमी दर्जाची आहे म्हणून नव्हे. दोघींमध्ये जास्त वेगवान, जास्त धारदार गाडी तीच आहे. पण तुमचा निर्णय ताशी १५० च्या वेगाने होणार नाही, तो ताशी १५ ते ४५ या पट्ट्यात होणार आहे.

मी सहा वर्षं वारजे ते खराडी असा रोजचा प्रवास एका ओणवं बसायच्या स्पोर्ट बाइकवर केला. ती या दोघींपैकी नव्हती, पण बसण्याची पद्धत हीच. पहिल्या महिन्यात मनगटं दुखली तेव्हा वाटलं, सवय होईल. सवय झालीही, पण संध्याकाळी घरी पोचेपर्यंत करंगळीकडच्या तळहाताला मुंग्या यायच्या. गंमत म्हणजे त्याच गाडीवर सातारा-महाबळेश्वर करून आलो की हात अजिबात दुखत नसत. याचं कारण मला बरंच उशिरा समजलं. ओणवं बसल्यावर छातीचा भार पुढे येतो. ऐंशी-नव्वदच्या पुढे समोरचा वारा छातीला खालून आधार देतो आणि तो भार हातांवरून उतरतो. ताशी वीसच्या वेगात वाराच नसतो, त्यामुळे सगळं वजन मनगटांवर. म्हणजे ही बैठक चुकीची नाही, ती वेगासाठी बनवलेली आहे. चांदणी चौक ते भूमकर चौक या पट्ट्यात तुम्हाला तो वेग किती वेळा मिळतो, हे तुम्हीच मोजा.

आरसीच्या २०२२ च्या नव्या पिढीत हँडल आधीपेक्षा थोडं वर आलं, सीट रुंद झाली, टाकी मोठी होऊन १३.७ लिटरची झाली. जुन्या आरसीपेक्षा ती नक्कीच सोसवते. तरी आरआरचं हँडल तिच्यापेक्षा वर आहे आणि कमरेतून वाकणं कमी लागतं. आरसीची सीट ८२४ मिलिमीटर उंचीवर आहे, आरआरची ८१० वर. कागदावर हा फरक बोटभर आहे. पण तुमच्या उंचीला, खड्डा वाचवताना एक पाय पटकन टेकायचा असतो तेव्हा तो कळतो. दोन्ही गाड्यांचं वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास आहे, त्यामुळे टाचा टेकतात की नुसते चवडे, हा प्रश्न महत्त्वाचा.

आता इंजिन. लोक आकडे बघून ठरवतात ते इथेच. आरसी ३७३ सीसी, ९,००० आरपीएमला ४३.५ पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप) आणि ७,००० ला ३७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर. आरआर ३१२ सीसी, सुरुवातीच्या मॉडेलला ३४ पीएस होती, २०२४ च्या मॉडेलपासून ३८. कागदावर आरसी सरळ जिंकते. पण दोन्ही सिंगल सिलिंडर फोर-स्ट्रोक आहेत, म्हणजे क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) दर दोन फेऱ्यांत पेट्रोल एकदाच पेटतं. २,००० आरपीएमला सेकंदाला सोळा-सतरा धक्के. दोन धक्क्यांच्या मधे गाडी मंदावते, पुढचा धक्का तिला पुन्हा ओढतो, आणि चेन खडखडते. पिस्टन जितका मोठा, तितका एकेक धक्का जोरदार. आरसीच्या पिस्टनचा व्यास ८९ मिलिमीटर आहे, आरआरचा ८०. आरसीचं इंजिन मुळात वरच्या आरपीएमसाठी ट्यून केलेलं, म्हणून ४,००० च्या खाली ते अस्वस्थ असतं. दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चाललात तर सतत हाफ क्लच आणि डाव्या हाताला व्यायाम.

आरआर ३१० मध्ये २०२० पासून एक सोय आहे, आणि रोजच्या वापरासाठी मला ती आरसीच्या जास्तीच्या साडेपाच पीएसपेक्षा मोलाची वाटते. तिला कंपनी ग्लाइड थ्रू टेक्नॉलॉजी म्हणते. खालच्या गिअरमध्ये क्लच सोडला की थ्रॉटल न देताही गाडी हळूहळू पुढे सरकते, इंजिन बंद पडू नये म्हणून कॉम्प्युटर स्वतःच थोडं पेट्रोल वाढवतो. संध्याकाळच्या कोंडीत गाडी फूटफूट सरकत असते तेव्हा दोन्ही हातांना आराम मिळतो. शिवाय चार राइड मोड आहेत: रेन, अर्बन, स्पोर्ट आणि ट्रॅक. अर्बनमध्ये ताकद मुद्दाम कमी होते, थ्रॉटलचा प्रतिसाद मऊ होतो. ऑफिसला जाताना तोच लावायचा. आरआरचं इंजिन बीएमडब्ल्यूसोबत विकसित केलेलं आहे आणि ते उलटं बसवलंय: हवा पुढून आत जाते, एक्झॉस्ट मागून निघतो, सिलिंडर मागे झुकलेला. त्यामुळे वजन पुढे सरकतं आणि मागचा स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, लांब ठेवता येतो. सरळ रस्त्यावर गाडी शांत चालते त्यात याचा वाटा आहे.

उष्णतेबद्दल विचारलंत. सिग्नलला थांबल्यावर रेडिएटरचा पंखा सुरू झाला की फेअरिंग (इंजिनभोवतीचं प्लास्टिकचं आवरण) असलेली कोणतीही गाडी पायांवर गरम हवा सोडणार. एप्रिल-मेमध्ये पातळ पँट घालून बसू नका, जाड कापड चामडीपासून ती हवा अडवतं.

घाटात मात्र आरसीचं कौतुक केल्याशिवाय राहवत नाही. ताम्हिणीच्या वळणांत ती ज्या नेमकेपणाने आत शिरते आणि वळणातून बाहेर पडताना ३७ न्यूटन मीटर ज्या जोराने ढकलतात, ते अनुभवलेला माणूस आरआरवर बसून थोडा हळहळतोच. वळणात गाडी कलती असतानाही काम करणारं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारं) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक जागच्या जागी घसरू न देणारं) आरसीत आहे. आरआरमध्ये ते नंतर आलं आणि सगळ्या आवृत्त्यांत नाही, म्हणून घेताना कोणती आवृत्ती आहे ते नीट विचारा. तुमचा वापर उलटा असता, म्हणजे घरून काम आणि आठवड्यात तीन दिवस घाट, तर मी डोळे मिटून आरसी सांगितली असती. पावसाळ्यात मात्र आरआर पुन्हा जवळची वाटते. तिला मिशेलिनचे रोड ५ टायर येतात, ते ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठीच ओळखले जातात.

पैशांचा हिशेब बहुतेक लोक फक्त एक्स-शोरूम किमतीवर करतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि ३५० च्या वरच्यांना ४० टक्के लागला. ३७३ सीसीची आरसी या रेषेच्या पलीकडे पडते, आरआर अलीकडे. विम्याचंही तसंच. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच भरावा लागतो. २०२२ च्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये आणि ३५० च्या वर १५,११७. फरकाच्या पैशांत चांगलं हेल्मेट, ग्लोव्हज आणि पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड) येतो.

पॅडॉक स्टँड मी उगाच लिहिलं नाही. या गाड्यांना मधला स्टँड नसतो आणि चेन साफ करून ल्युब लावायला मागचं चाक फिरावं लागतं. साधारण पाचशे किलोमीटरला एकदा, म्हणजे तुमच्या धावण्याला दर दोन आठवड्यांनी. पावसात त्याआधीच. माझी चेन एकदा एका वर्कशॉपने गरजेपेक्षा जास्त ताणून दिली होती, आणि महिनाभर आवाज कुठून येतोय हेच मला कळत नव्हतं. तेव्हापासून चेन किती ढिली हवी ते मॅन्युअलमध्ये बघून स्वतः तपासतो.

मागे कुणी रोज बसणार असेल तर दोन्ही गाड्या विसरा. मागची सीट उंच, छोटी आणि धरायला जवळपास काही नाही. आईला किंवा बायकोला त्यावर रोज बसवणं योग्य नाही.

तिसरा पर्यायही सुचवतो, कारण तुमची घालमेल या दोघींतच चालली आहे. कावासाकी निंजा ३०० आणि यामाहा आर३, दोन्ही ट्विन सिलिंडर, सीट ७८० मिलिमीटरच्या आसपास. दोन सिलिंडर असल्याने कमी आरपीएमलाही त्या रेशमासारख्या चालतात, मी वर लिहिलेली खडखड बरीच कमी. निंजाची टाकी १७ लिटरची आहे. पण तिची रचना आपल्याकडे २०१३ पासूनची आहे, राइड मोड, ट्रॅक्शन कंट्रोल यांतलं काही नाही. ज्याला इलेक्ट्रॉनिक्स नको, फक्त गुळगुळीत इंजिन हवं, त्याने ती चालवून बघावीच.

टेस्ट राइड रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर घेऊ नका, तेव्हा दोन्ही गाड्या सुंदरच वाटतील आणि आरसी जास्त सुंदर. शोरूमला सांगून कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला घ्या, ऑफिसची बॅग पाठीला लावून, जेवढा वेळ देतील तेवढा. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून गाडी किती हळू चालते ते बघा, स्पीडब्रेकरवरून दोनदा न्या, गल्लीत यू-टर्न मारा. उतरल्यावर लगेच काही ठरवू नका. तासाभराने मनगटं काय सांगतात ते बघा आणि मग मला इथेच कळवा, त्यानंतरही आरसी हवीशी वाटली तर कोणत्या सेटिंगने ती शहरात सुसह्य होते ते सविस्तर लिहीन.