आधी आतली चिप ओळख

दांडिया बाजार, वडोदरा

चि.स,
अनेक आशीर्वाद.

रावपुऱ्यातल्या झेरॉक्सवाल्याने भंगारात काढलेला स्कॅनर तू उचलून आणलास, तो लिनक्सवर चालेना, आणि आता ड्रायव्हर (संगणक आणि यंत्र यांना जोडणारा प्रोग्रॅम) लिहायला मदत कोण करेल म्हणून विचारतोस. मदत मिळते. पण ‘स्कॅनर चालत नाही, काय करू?’ एवढंच लिहिलंस तर कुणी उत्तर देणार नाही, आणि मी तरी त्यांना दोष देणार नाही. यंत्र तुझ्या टेबलावर आहे, त्यांच्या नाही.

एक गैरसमज आधी काढून टाक. स्कॅनरसाठी कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, शिरावं लागत नाही. लिनक्सवर हे काम ‘सेन’ (SANE) नावाची प्रणाली करते. तिच्यात प्रत्येक जातीच्या स्कॅनरसाठी एक बॅकएंड, म्हणजे त्या स्कॅनरशी बोलणारा भाग, असतो आणि तो लिबयूएसबी या यूएसबीच्या लायब्ररीमार्फत साध्या प्रोग्रॅमसारखा चालतो. चूक झाली तर प्रोग्रॅम बंद पडेल, अख्खं मशीन नाही. नवशिक्याला याहून सोयीची जागा नाही.

खोक्यावरच्या नावाला फार महत्त्व देऊ नकोस. एकच चिप वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्कॅनरांत असते, आणि एकाच कंपनीच्या सारख्या दिसणाऱ्या दोन मॉडेलांत चिपा वेगळ्या निघतात. ‘एलएसयूएसबी’ (lsusb) ही आज्ञा चालवलीस की वेंडर आणि प्रॉडक्ट असे चार-चार हेक्स अंकांचे दोन आकडे मिळतील. मग ‘सेन-फाइंड-स्कॅनर’ (sane-find-scanner) दोनदा ‘-व्ही’ लावून चालव. ते चिप ओळखायचाही प्रयत्न करतं. चिप जेनेसिस लॉजिक या कंपनीची निघाली तर तिच्या बऱ्याच चिपांसाठी ‘जेनेसिस’ नावाचा बॅकएंड तयार आहे. मग सगळं नव्याने लिहायचं नसतं. जवळच्या मॉडेलची नोंद घेऊन सेन्सर, मोटर आणि रजिस्टरांचे (चिपमधल्या आकडे ठेवायच्या खणांचे) आकडे तुझ्या यंत्राप्रमाणे बदलायचे.

हे आकडे आणायचे कुठून? चिपची डेटाशीट, म्हणजे तिचं तांत्रिक माहितीपत्रक, मिळाली तर उत्तमच. नाहीतर व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या खोट्या संगणकात) विंडोज टाक, त्यात कंपनीचा ड्रायव्हर बसव, आणि बाहेर लिनक्सवर यूएसबीमॉन व वायरशार्क या साधनांनी ड्रायव्हर आणि स्कॅनर यांचं बोलणं टिपून घे. पहिला स्कॅन लहानात लहान, काळा-पांढरा, कमीत कमी डीपीआयचा (इंचामागे ठिपक्यांचा). पुढच्या वेळी एकच गोष्ट बदल: फक्त डीपीआय, किंवा फक्त रंग. दोन नोंदी शेजारी ठेवल्या की कुठला बाइट हलला ते दिसतं. एकदम चार गोष्टी बदलल्यास तर त्या ढिगातून तुलाच काही सापडणार नाही, मग दुसरा कोण शोधणार? आणि कंपनीच्या ड्रायव्हरचा कोड उलगडून इकडे चिकटवायचा नाही. परवान्याच्या भानगडीत तुझं सगळं काम नाकारलं जाईल.

स्वतःचा कोड पहिल्यांदा चालवताना हात स्कॅनरच्या वायरवर ठेव. मोटरचा आकडा चुकला तर आतला गाडा टोकाला आपटून करकरत राहतो, आणि कंट्रोल-सी दाबल्याने तो थांबेलच असं नाही. सरळ वायर ओढायची.

एवढं झालं की त्या बॅकएंडची देखभाल करणाऱ्यांना लिही. आयडी (ते दोन आकडे), चिप, सेनची आवृत्ती, काय केलंस, काय व्हायला हवं होतं, काय झालं. डीबग लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने चालताना लिहिलेली नोंद, जोड. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो नको. आठवडाभर उत्तर आलं नाही तर रागावू नकोस. यातली बरीच माणसं नोकरी सांभाळून हे करतात.

आणि कर्नल ड्रायव्हरचीच हौस असेल तर तीही भागेल. क्यूईएमयू (QEMU) या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘एडु’ नावाचं एक खोटं पीसीआय उपकरण मुद्दाम शिकण्यासाठी ठेवलंय. एका रजिस्टरमध्ये आकडा टाकला की ते त्याचं फॅक्टोरियल काढून देतं, सांगितलंस तर काम झाल्यावर इंटरप्टही (प्रोसेसरला हाक) पाठवतं, डीएमएसुद्धा (मेमरीत थेट नेआण) आहे. कलाभवनच्या परीक्षा संपल्या की ते घे. सध्या स्कॅनरचे ते दोन आकडे मला पाठव.

तुझा,
काका