तपासणीच्या पट्ट्यावर नव्याने उभं राहणाऱ्याला

भावा, जळगावसारख्या लहान विमानतळावर बरेच जण पहिल्यांदाच विमानात बसणारे असतात. त्यांना घाईपेक्षा धास्ती जास्त असते. म्हणून बॅग एक्स-रेत जायच्या आधीच बोल, "बाबा, चुन्याची डबी, चाव्या, मोबाइल ट्रेमध्ये ठेवा." आधी सांगितलं की रांग आपोआप सरकते.

खरी रडारड सामानावरून होते. पुण्या-मुंबईच्या लेकीला आई बिबडे (ज्वारीचे पापड), खोबरं, मिरचीचं लोणचं बांधून देते. बिबड्यांना हरकत नाही. लोणचं हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनमध्ये जातं. वेळ उरला असेल तर तिला एअरलाइनच्या काउंटरकडे परत पाठव, बरणी लगेच काढून घेऊ नकोस. सुकं खोबरं तेलकट, पेट घेतं, ते दोन्हीकडे बंद. पॉवर बँकेचं लोणच्याच्या नेमकं उलटं: लिथियम बॅटरी तापली तर लक्षात यावी म्हणून ती हातातल्या बॅगेतच हवी. कारण सांगितलंस तर माणूस भांडत नाही, हे मी मनापासून सांगतो.

पण ओळखीचा नाना-आप्पा आला म्हणून झडती सोडू नकोस. १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं आयसी-८१४ विमान शस्त्रधाऱ्यांनी पळवलं; त्यानंतर, २००० पासून, विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफकडे (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे) जाऊ लागली.

पेसमेकर आहे म्हणाले तर डिटेक्टर फिरवू नकोस, हाताने तपास. बायकांची झडती महिला कर्मचारीच घेणार, तीही पडद्याआड. ती जागेवर नसेल तर रांग थांबली तरी चालेल.