कानाला बरोबर वाटते, तरी उत्तर चुकते

“मॅडम, इंग्रजीतले काळ आणि कर्ता-क्रियापदाचे नियम मला पाठ आहेत, पण ‘टू’ की ‘विथ’, ‘ऑफ’ की ‘फ्रॉम’ असा प्रश्न आला की मी नुसता अंदाज करते. मराठी माध्यमाच्या मुलांना हे जमणारच नाही का?” एसएससीच्या, म्हणजे केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या, सीजीएल या पदवीधरांसाठीच्या नोकरभरती परीक्षेची तयारी करण्यासाठी लातूरकडून पुण्यात आलेल्या एका मुलीने हे विचारले, तेव्हा तिचा आवाज दाटून आला होता. हीच चिंता घेऊन अनेक जण माझ्याकडे येतात, म्हणून तिच्या परवानगीने हा अनुभव लिहीत आहे.

सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न 50 गुणांसाठी असतात आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापला जातो. त्या धास्तीने ती असे प्रश्न सोडूनच देऊ लागली होती. मी तिला सराव परीक्षांची वही आणायला सांगितली. लाल पेनाने खोडलेली वाक्ये एकाखाली एक वाचत गेलो, तसे लक्षात आले की तिचा अंदाज वाटेल तसा चुकत नव्हता. ‘मॅरिड विथ’ तिने निवडले होते, कारण आपण कोणाशी तरी लग्न करतो. ‘सुपीरियर दॅन’ निवडले होते, कारण आपण एखाद्यापेक्षा श्रेष्ठ असतो. आणि ‘डिस्कस अबाउट’मध्ये तिला चूक दिसली नव्हती, कारण चर्चा नेहमी कशाबद्दल तरी होते. तिचा कान उत्तम होता, फक्त तो मराठीचा होता.

मी तिला विचारले, “आपण माणसावर रागावतो, माणसाशी भांडतो आणि माणसाला घाबरतो. इथे ‘वर’, ‘शी’ आणि ‘ला’ कुठे लावायचे, हे तुला कोणी शिकवले?” ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग पहिल्यांदा हसली. माझ्या मते त्या क्षणी तिच्या मनातला न्यूनगंड सैल झाला, आणि अभ्यासाची पद्धत सांगण्यापूर्वी तो सैल होणे फार गरजेचे होते.

त्यानंतर आम्ही चुकांचीच वही केली. शब्द आणि त्याचे शब्दयोगी अव्यय, म्हणजे ‘टू’, ‘विथ’ असा छोटा शब्द, वेगळे न लिहिता एकच शब्द असल्यासारखे लिहायचे, शेजारी मराठी मन कुठे ओढते ते नोंदवायचे आणि घरातल्या माणसांवर एक वाक्य करायचे, असे ठरले. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ हे शब्द लॅटिनमधून आलेले असून त्यांच्यापुढे ‘दॅन’ नव्हे तर ‘टू’ येते, हे कळल्यावर चार नोंदी एकत्र झाल्या. ‘आरोप करणे’ या एकाच मराठी अर्थासाठी ‘अक्यूज’पुढे ‘ऑफ’ आणि ‘चार्ज’पुढे ‘विथ’ येते, ही जोडी मात्र तिला तीनदा लिहावी लागली. प्रश्न सोडवताना आधी अव्ययामागचा शब्द अधोरेखित करायचा आणि दोन पर्याय खात्रीने बाद होत असतील तर प्रश्न सोडायचा नाही, एवढेच मी सांगितले.

दीड महिन्याने ती आली, तेव्हा वहीत मी न सांगितलेली नोंद होती. “मॅडम, माणसावर राग असेल तर ‘अँग्री विथ’ आणि गोष्टीवर असेल तर ‘अँग्री ॲट’. आपल्याकडे दोन्हीकडे ‘वर’च असते, म्हणून इथे मी चुकणार हे मला आधीच कळले.”