वाचकांचे प्रश्न : अंगठा, चोखणी आणि दुधाचे दात

प्रश्न : माझी मुलगी साडेपाच वर्षांची असून येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. तान्ही असल्यापासून तिला उजव्या हाताचा अंगठा चोखण्याची सवय आहे. सासूबाईंनी आधी अंगठ्याला कोरफडीचा गर लावून पाहिला, तो तिने धुऊन टाकला. मग हिरव्या मिरचीचे पाणी लावले, तर झोपेत तोच हात डोळ्याला लागला आणि रात्री दवाखाना गाठावा लागला. आखाजीला नणंदा मुलांसह माहेरी आल्या होत्या, तेव्हा सगळ्यांनी मिळून तिला ‘कुक्कुलं बाळ’ म्हणून चिडवले. तेव्हापासून ती चारचौघांत अंगठा तोंडात घालत नाही. मात्र माझ्या जुन्या लुगड्याची गोधडी डोक्यावरून घेऊन आत चोखत राहते. तिच्या समोरच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये आता फट दिसते. काय करावे?
— एक आई, जामनेर

उत्तर : मिरचीचा प्रयोग पुन्हा करू नये, हे सर्वांत आधी सांगतो. खानदेशात तिखटाचे आपल्याला कौतुक आहे, पण मिरचीतला दाहक अंश तेलात विरघळणारा असल्यामुळे नुसत्या पाण्याने हात धुऊन तो जात नाही, आणि लहान मूल झोपेत डोळे चोळतेच. कोरफड किंवा कडुनिंबाने मिरचीसारखी आग होत नाही, परंतु मुलाला न विचारता लावलेला कडू लेप त्याला शिक्षाच वाटतो. शिक्षा झाली की मूल दुखावते, आणि दुखावलेल्या मुलाला दिलासा हवा असतो, जो त्याला नेमका त्या अंगठ्यातच मिळतो. आपल्या मुलीच्या बाबतीत असेच घडले आहे. नणंदांच्या चिडवण्याने तिची सवय सुटली नाही, ती फक्त गोधडीखाली गेली.

चोखणे ही बाळाची उपजत क्रिया आहे. गर्भातले बाळ अंगठा चोखताना सोनोग्राफीत दिसते. जन्मानंतर दूध ओढण्यासाठी ही क्रिया लागतेच, पण दुधाशिवायही चोखल्याने बाळ शांत होते, आणि झोप येताना, कंटाळा आल्यावर, भीती वाटल्यावर किंवा अनोळखी जागी गेल्यावर अंगठा आपोआप तोंडाकडे जातो. बहुतेक मुले दोन ते चार वर्षांच्या दरम्यान ही सवय स्वतःहून सोडतात, कारण तोवर त्यांना बोलता येऊ लागते, खेळगडी मिळतात आणि मन रमवण्याचे इतर मार्ग सापडतात. म्हणून तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या पालकांना मी सहसा काहीही करू नका असेच सांगतो. आपली मुलगी मात्र साडेपाच वर्षांची आहे आणि दातांवर परिणाम दिसू लागला आहे, त्यामुळे तिच्यासाठी आता प्रयत्न करणे योग्य ठरेल.

फट का पडते, हे समजून घेतल्यास पुढचे उपाय सोपे वाटतील. अंगठा टाळूला टेकतो तेव्हा तो वरचे पुढचे दात बाहेर आणि खालचे आत ढकलतो, आणि मध्ये तोच अडसर असल्याने दात पुरते वर येऊन एकमेकांना भेटत नाहीत. याच वेळी जीभ खाली दबलेली राहते आणि गाल आत ओढले जातात. त्यामुळे वरच्या जबड्याला आतून मिळणारा जिभेचा आधार सुटतो, बाहेरून गालांचा दाब वाढतो आणि जबडा हळूहळू अरुंद होतो. किती जोराने चोखले यापेक्षा किती वेळ चोखले याला येथे जास्त महत्त्व आहे. दिवसा पाच मिनिटे ‘टप् टप्’ आवाज करत चोखणाऱ्या मुलापेक्षा, रात्रभर अंगठा तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलाचे दात अधिक सरकतात. आपल्या मुलीचा सर्व वेळ रात्रीचा आहे, हे लक्षात घ्यावे.

दिलासा देणारी गोष्ट अशी की हे अजून दुधाचे दात आहेत. खालचे पुढचे पक्के दात साधारण सहा ते सात वर्षांच्या आसपास आणि वरचे सात ते आठ वर्षांच्या आसपास येतात. ते येण्याआधी सवय सुटली, तर समोरची फट बहुतेक वेळा आपोआप भरून येते. वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसू लागल्या असतील, तर तो दोष मात्र सहसा आपोआप जात नाही. म्हणून बालदंतवैद्याकडून एकदा तपासणी आताच करून घ्यावी. मुलीला ‘डॉक्टर आता सुई देतील’ असे सांगून कृपया आणू नये. अशी मुले तोंड उघडत नाहीत आणि आमची व त्यांची दोघांचीही सकाळ वाया जाते.

घरी करायची पहिली गोष्ट म्हणजे एक आठवडाभर काहीही न बोलता निरीक्षण करणे. अंगठा कधी तोंडात जातो, त्याच्या आधी काय घडले होते आणि दुसऱ्या हातात काय होते, एवढे एका वहीत लिहून ठेवावे. अनेक मुले एका हाताने अंगठा चोखतात आणि दुसऱ्या हाताने कापड चोळतात; ही दोन कामे जोडीने चालतात. आपण लिहिलेली गोधडी मला म्हणूनच महत्त्वाची वाटली. ती हिसकावून घेऊ नका, पण मुलीला विश्वासात घेऊन झोपेच्या वेळी ती पायांवर घ्यायची असे ठरवता आले, तर काही मुलांच्या बाबतीत तेवढ्यानेही निम्मे काम होते.

त्यानंतर तिच्याशी एकांतात बोलावे, आणि ते आपण स्वतः बोलावे. आरशात तिला तिचे दात दाखवून, अंगठ्यामुळे दातांना जागेवर येता येत नाही हे साध्या शब्दांत सांगावे आणि ‘तुला सोडायचे आहे का, मी मदत करू का?’ असे विचारावे. साडेपाच वर्षांच्या मुलीला हे पुरेपूर समजते. ती हो म्हणाली, तर रात्री हातात घालायला सुती मोजा किंवा जुन्या मऊ धोतराच्या कापडाची पिशवी तिच्याच पसंतीने शिवून द्यावी. हा मोजा झोपेत हात तोंडाकडे गेला की तिला आठवण करून देतो. उन्हाळ्यात कापड पातळ असावे. काही मुलांच्या कोपराला रात्री सैलसर क्रेप बँडेज गुंडाळले तर हात वाकवताना अडते आणि झोपेतच अंगठा मागे फिरतो; मात्र ते घट्ट बांधू नये आणि बोटे निळी किंवा गार तर पडत नाहीत ना, हे पाहावे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या रात्री मोजा हातात राहिला त्या तारखेवर तिनेच टिकली लावावी. ज्या रात्री राहिला नाही, त्याबद्दल बोलू नये. दिवसा टीव्ही पाहताना हात रिकामे असतील तर सध्या घरोघरी चाललेल्या चिंचा फोडण्याच्या कामात तिला बसवावे. हे मी गमतीने लिहीत नाही. हात चिकट असताना आणि काम आवडीचे असताना मुले अंगठा विसरतात.

याला काही आठवडे लागतात आणि मध्ये ताप आला, पाहुणे आले किंवा शाळा सुरू झाली की सवय परतते. तसे झाल्यास पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी. पक्के दात येऊ लागल्यावरही सवय राहिली, तर टाळूजवळ बसवायची तारेची एक पट्टी आम्ही वरच्या दाढांना चिकटवतो. ती असली की अंगठा टाळूला टेकत नाही आणि चोखण्यातली मजा जाते. ही पट्टी साधारण सहा महिने ठेवावी लागते, आणि मुलाची स्वतःची तयारी असेल तरच मी ती बसवतो. नाइलाजाने बसवलेली पट्टी मुले वाकवून आणतात. राहिला प्रश्न नणंदांचा. त्यांना पुढच्या भेटीआधी फोन करून या विषयावर एक शब्दही न काढण्याची विनंती करावी. माझ्या अनुभवात हे सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी काम आहे.

प्रश्न : आमचे बाळ दहा महिन्यांचे आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि दिवसा बाळ आजीजवळ असते. बाळ रडले की आजी चोखणी मधात बुडवून देते, आणि ती हरवू नये म्हणून दोऱ्याने गळ्यात बांधते. अंगठ्यापेक्षा चोखणी बरी, असे ऐकले आहे. ते खरे आहे का, आणि चोखणी कधी बंद करावी?
— एक वडील, शिरपूर

उत्तर : आपल्या पत्रातील दोन गोष्टी आजच बंद कराव्यात. पहिली मधाची. मधात एका विशिष्ट जिवाणूचे बीजाणू असू शकतात, जे मोठ्यांना बाधत नाहीत, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. या आजाराला बॉट्युलिझम म्हणतात. त्यात बाळ लुळे पडते आणि श्वासही अडू शकतो. तो क्वचित होतो, पण टाळण्यासारखा असल्यामुळे एक वर्षापर्यंत मधाचे बोटही चाटवू नये, मग ते बारशाच्या निमित्ताने का असेना. मधाऐवजी गुळाचे पाणी किंवा साखर लावणेही नको, कारण नुकतेच आलेले दात त्याने भराभर किडतात. दुसरी गोष्ट दोऱ्याची. गळ्यातला दोरा पाळण्याच्या कडेला किंवा झोळीच्या गाठीला अडकून गळफास बसू शकतो. चोखणी कपड्याला लावायची आखूड पट्टी मिळते, तीही बाळ झोपले की काढावी.

चोखणी वाईटच, असे नाही. दूध पाजण्याची घडी नीट बसल्यावर, म्हणजे साधारण तीन-चार आठवड्यांनंतर, झोपताना चोखणी दिल्यास तान्ह्या बाळाच्या झोपेतील अचानक मृत्यूचा धोका कमी होतो, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 1989 साली स्तनपानासाठी दिलेल्या दहा सूत्रांत अंगावर पिणाऱ्या बाळाला चोखणी देऊच नये, असे सांगितले होते. 2018 मध्ये ते सूत्र सौम्य करून, बाटली, निपल आणि चोखणीचा वापर व धोके आईला समजावून सांगावेत असे केले गेले. दोन्ही सल्ले एकमेकांच्या विरोधात वाटले, तरी दोघांचा रोख पहिल्या काही महिन्यांवर आहे, आणि आपले बाळ त्या वयाच्या पुढे गेले आहे. सहा महिन्यांनंतर चोखणी चालू राहिली तर कानाच्या मधल्या भागाचे संसर्ग अधिक होतात, म्हणून दहाव्या महिन्यापासून ती कमी करणे हिताचे आहे.

अंगठ्याशी तुलना करायची तर चोखणीत एकच मोठी सोय आहे, ती म्हणजे ती काढून घेता येते. दातांवरचा परिणाम सारखाच असतो. पहिल्या आठवड्यात चोखणी फक्त पाळण्यात द्यावी, पुढच्या आठवड्यात फक्त रात्री, आणि मग एका सुटीच्या दिवसापासून पूर्ण बंद करावी. बाळ साधारण दोन-तीन रात्री रडते. त्या रात्री आजीने निर्धार सोडला तर सर्व काम पुन्हा सुरू करावे लागते, म्हणून त्या दिवसांत दोघांपैकी एकाने घरी राहावे. चोखणीचे टोक कापून ती नकोशी करण्याचा उपाय काही जण सांगतात. तुकडा तुटून घशात अडकण्याची भीती असल्यामुळे तो करू नये. बंद होईपर्यंत चोखणी रोज तपासावी. आपल्याकडच्या उन्हात गाडीत किंवा खिडकीत पडलेले रबर चिकट होते आणि तडकते. अशी चोखणी लगेच फेकून द्यावी.

प्रश्न : माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली आहे. नातू तीन महिन्यांचा आहे आणि दिवसभर मूठ आणि अंगठा तोंडात घालतो. आमच्या शेजारीण म्हणतात, ‘पोऱ्या आंगठा चोखस म्हंजे त्याले भूक लागनी.’ माझे यजमान म्हणतात, हात काढून घ्या, नाहीतर सवय लागेल. कोणाचे ऐकावे?
— एक आजी, चाळीसगाव

उत्तर : शेजारीणबाईंचे थोडे ऐकावे, यजमानांचे या बाबतीत नको. भूक लागलेले बाळ रडण्याआधी हात तोंडाकडे नेते, हे खरे आहे. म्हणून दूध पाजून बराच वेळ झाला असेल तर आधी पाजून पाहावे. पोट भरलेले असतानाही बाळ मूठ चोखत असेल, तर तो त्याचा खेळ आहे. वडाच्या पानावर पहुडलेला बाळकृष्ण पायाचा अंगठा तोंडात घालतो, हे चित्र आपल्या देवघरात असते आणि त्याला कोणी सवय म्हणत नाही. तीन महिन्यांच्या बाळाचा हात ओढून काढल्याने पुढे सवय टळत नाही.

काळजी स्वच्छतेची घ्यावी. नखे बारीक ठेवावीत, हाताला काजळ किंवा पावडर लागू देऊ नये, आणि शेतातून आलेल्या माणसाने, विशेषतः कपाशीवर फवारणी केली असेल तर, आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय बाळाला घेऊ नये. त्यापलीकडे फार सोवळे पाळण्याचे कारण नाही. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे 1972-73 साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास दीर्घकाळ चालला आहे. लहानपणी अंगठा चोखणाऱ्या किंवा नखे कुरतडणाऱ्या मुलांमध्ये तेराव्या वर्षी त्वचाचाचणीत ॲलर्जी कमी आढळली, असे त्यातून 2016 साली प्रसिद्ध झाले. दमा किंवा वारंवार शिंका येण्याच्या त्रासात मात्र फरक दिसला नाही, तेव्हा कोणी हे वाचून मुलांना अंगठा चोखायला शिकवू नये.

प्रश्न : आमच्या चार वर्षांच्या मुलाने अडीच वर्षांचा असताना अंगठा सोडला होता. दोन महिन्यांपूर्वी धाकटी बहीण झाल्यापासून तो पुन्हा चोखू लागला आहे. अंगणवाडीतही चोखतो, असे ताई म्हणतात.
— एक आई, यावल

उत्तर : बाळ चोखते तेव्हा सर्वजण त्याच्याभोवती जमतात, हे आपला मुलगा रोज पाहतो आणि त्याचा साधा निष्कर्ष काढतो. त्याला अंगठ्याबद्दल काहीही बोलू नये. बाळ झोपल्यावर रोज अर्धा तास फक्त त्याच्यासाठी ठेवावा आणि तो वडिलांनी न घेता आपण घ्यावा. अंगणवाडीच्या ताईंनाही हेच सांगून ठेवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीसाठी येते. त्या वेळी त्याचे दात दाखवावेत, तेवढे पुरे आहे. अंगठ्याबरोबरच तो बोलेनासा झाला, अंथरूण ओले करू लागला किंवा खेळणे सोडून कोपऱ्यात बसू लागला, तर मात्र त्या तपासणीची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना भेटावे.