जॅझ बेसमध्ये एकच पिकअप उघडला की गूं आवाज येतो. कोणते नवे पिकअप टाकू?

तुमचा बेस गिटार चार तारांचा, जॅझ बेसच्या धाटणीचा, स्वस्तातला. एकच पिकअप (तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा चुंबकाचा भाग) उघडला, म्हणजे फक्त त्याचाच व्हॉल्यूम वाढवला, की गूं आवाज येतो, आणि दोन्ही उघडून वाजवलं तर बँडमध्ये बेस हरवतो, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे.

फेंडरचा जॅझ बेस 1960 मध्ये आला तेव्हापासून त्यात दोन सिंगल कॉइल (तारेचं एकच वेटोळं असलेले) पिकअप असतात. एकाचं वाइंडिंग आणि चुंबक दुसऱ्याच्या उलट असतं, म्हणून दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण असले की गूं आवाज मिटतो. एक कमी केला की परत येतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी 49 हर्ट्झचा, त्यामुळे इक्यूने (फ्रिक्वेन्सी कमीजास्त करणाऱ्या नॉबने) हा आवाज कापायला गेलात तर बेसचाच तळ जातो.

मग माणूस काय करतो? दोन्ही नॉब पूर्ण ठेवतो. पण दोन पिकअप तारेला वेगवेगळ्या जागी ऐकतात, दोन्ही सारखे मिसळले की मधल्या काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना मारतात. घरी एकट्याने वाजवताना तो आवाज सुरेख वाटतो. गिटार, कीबोर्ड आणि ड्रम्स सुरू झाले की नेमका तोच मधला भाग हवा असतो. प्रसिद्ध बेसवादक जाको पास्तोरियसच्या बेसमधला तो बोलका आवाज बराचसा ब्रिजकडच्या (तारा जिथे बॉडीवर अडकवतात त्या बाजूच्या) पिकअपचा आहे. तुम्हाला एक पिकअप बिनधास्त कमी करता यायला हवा.

म्हणून जॅझ बेसच्याच आकारात बसणारे, हम (हाच गूं आवाज) मारणारे पिकअप घ्या. काहींत एकावर एक दोन कॉइल असतात, उदाहरणार्थ सेमूर डंकनचा हॉट स्टॅक. काहींत एक कॉइल दोन तारांना आणि दुसरी उरलेल्या दोन तारांना, जसा 1957 पासूनचा फेंडरच्याच प्रिसिजन बेसचा पिकअप. जुन्या सिंगल कॉइलची चकाकी यात थोडी कमी होते असं काही जण म्हणतात. मलाही तसं जाणवतं, पण स्टेजवर वाजवणाऱ्याने ही तडजोड करावी.

मात्र पैसे घालण्याआधी अर्थिंग तपासा. ॲम्पजवळ उभं राहून बेससकट हळूहळू वळा. दिशेप्रमाणे गूं कमीजास्त झाला तर दोष सिंगल कॉइलचा. तारांना हात लावून फरक पडत नाही, पण जॅकच्या धातूला लावल्यावर आवाज कमी होतो, तर ब्रिजखालची अर्थची वायर तुटलेली असू शकते. माझ्या पहिल्या बेसमध्ये हेच होतं. मी नवे पिकअप टाकून बसलो आणि खरखर तशीच राहिली. मूळ कारण एका सुटलेल्या वायरीत होतं. त्याचं मला फार वाईट वाटलं होतं, म्हणून तुम्हाला इतकं आग्रहाने सांगतोय. आतल्या पोकळीत तांब्याची टेप लावली तर खरखर घटते, पण 50 हर्ट्झचा चुंबकीय गूं तिने जात नाही.

उंचीही बघा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपर्यंतचं अंतर साधारण 3 मिमी ठेवा, बारीक तारेकडे जरा कमी. फार जवळ आणला तर चुंबक तारेला ओढतं आणि वरचे सूर बेसूर लागतात.

मागवण्याआधी पट्टीने मोजा! मूळ जॅझ बेसमध्ये ब्रिजकडचा पिकअप नेककडच्यापेक्षा सुमारे 3 मिमी लांब असतो, काही स्वस्त बेसमध्ये मात्र दोन्ही सारखेच असतात. खाच छोटी निघाली तर लाकूड कोरावं लागेल. जोडी एकाच कंपनीची घ्या, नाहीतर दोन्ही उघडल्यावर फेज उलटी लागून (दोघांचे सिग्नल एकमेकांविरुद्ध जाऊन) आवाज पातळ होण्याची शक्यता असते. पिकअपच्या ओहमच्या (कॉइलच्या रोधाच्या) आकड्यावरून दर्जा ठरवू नका. वेढे जास्त म्हणजे सिग्नल मोठा, पण वरचा आवाज दबका.

पॅसिव्ह (बॅटरी न लागणाऱ्या) पिकअपला 250 के (किलोओहम) ची पॉट, म्हणजे नॉबखालचे कमीजास्त होणारे रोधक, चालतात, बहुधा तुमच्यात तीच असतील. ॲक्टिव्हच्या वाटेला मी आत्ता जाणार नाही. त्याला 9 व्होल्टची बॅटरी लागते, पॉटही बदलावी लागतात, आणि जॅक लावलेला राहिला की बॅटरी उतरत राहते.

जुने पिकअप काढताना वायरी मुळाशी कापू नका, सोल्डर वितळवून सोडवा आणि आधी फोटो काढून ठेवा. बेस विकायची वेळ आली तर ते परत बसवता येतील.