‘व्हर्टिगो’च्या पार्श्वसंगीताची रेकॉर्ड नुसती ऐकण्यात काय मजा आहे, आणि तिच्या कव्हरचं लोकांना एवढं कौतुक का?

कव्हरपासून सुरुवात करते. संगीतावर बोलणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील, कव्हरवरून घरात भांडलेली मी एकटीच असेन.

हिचकॉकच्या या १९५८च्या चित्रपटाचं पोस्टर सॉल बास या ग्राफिक डिझायनरने केलं. माझ्याकडची रेकॉर्ड नंतर कधीतरी निघालेली आवृत्ती आहे, पण कव्हरवर तेच चित्र आहे. सगळीकडे शेंदरी रंग. त्यावर पांढऱ्या रेषांचं वेटोळं. वेटोळ्यात तोल गेलेला एक पुरुष, काळा आणि भरीव. त्याच्याजवळ एक बाई, ती मात्र नुसत्या बाह्यरेषेची, आतून पोकळ. अक्षरं वेडीवाकडी. जेम्स स्टुअर्ट आणि किम नोवाक यांच्यासारखे चेहरे हाताशी असताना एकाचाही चेहरा नाही. चित्रपट पाहिला असेल तर बाई पोकळ का आहे ते सांगायला नको, आणि पाहिला नसेल तर मी सांगणार नाही.

आता भांडण. माझा थोरला भाऊ शिस्तीचा माणूस. बाबांच्या आणि माझ्या रेकॉर्ड एकाच कपाटात होत्या. कुठलीच वेळेवर सापडत नाही म्हणून एका सुट्टीत दादाने त्या सगळ्या बाहेर काढल्या, एक वही केली आणि प्रत्येकीला नंबर दिला. वहीत नंबर टाकून थांबला असता तर प्रश्न नव्हता. त्याने तो कव्हरच्या दर्शनी बाजूवरही टाकला, जाड काळ्या मार्करने, वर गोल करून. हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डवर नायिकेच्या गालाला मार्कर लागू नये म्हणून त्याने बरोबर कोपरे शोधले होते. माझ्या ‘व्हर्टिगो’वर त्याला काही शोधावंच लागलं नाही. शेंदरी रंगात ऐसपैस नंबर बसला.

मी घर डोक्यावर घेतलं. दादाचं म्हणणं, “चित्राला कुठे हात लावलाय? मोकळी जागा होती, तिथे लिहिलं.” वहिनी नेलपॉलिश काढायचं पाणी आणि कापूस घेऊन धावली, तिला मी दारातच अडवलं. रंग गेला असता आणि नंबर राहिला असता.

तर दादा, आणि प्रश्नकर्ते तुम्हीही, नीट ऐका. त्या कव्हरवर मोकळी जागा नाहीच. पडणारा माणूस पडतोय असं वाटतं ते त्याच्या आजूबाजूला धरायला काही नाही म्हणून. तिथे एक काळा ठिपका जरी ठेवला तरी डोळ्याला आधार मिळतो, आणि आधार मिळाला की पडणं संपलं. बासने तिथे काही ठेवलं नाही, कारण त्याला काय ठेवायचं नाही हे पक्कं माहीत होतं. पुढच्याच वर्षी ड्यूक एलिंग्टनच्या ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’च्या रेकॉर्डवर त्याने कापलेल्या कागदाचं वाटावं असं तुकड्यातुकड्यांचं प्रेत ठेवलं. तेही कव्हर काढून बघा. दोन्ही कव्हरं एकही वाद्य न दाखवता आतल्या संगीताचा स्वभाव सांगतात. आमच्याकडच्या बऱ्याच कव्हरांवर चित्रपटातला एक फोटो आणि भोवती पाकळ्या असतात. त्याला कव्हर म्हणायचं तर म्हणा.

यावर दादाने आपलं ठेवणीतलं अस्त्र काढलं. कव्हर म्हणजे वेष्टन, आतला माल महत्त्वाचा, आणि आतल्या मालात गाणं तर एकही नाही! मी रेकॉर्ड लावली. पहिलंच, नामावलीचं संगीत. दादा हाताची घडी घालून बसला आणि जरा वेळाने म्हणाला, “अजून सुरू नाही झालं का?”

तो चेष्टेने म्हणाला, पण बर्नार्ड हरमनच्या या संगीताचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्याही समीक्षकाकडून वाचलेलं नाही. ते सुरू होतच नाही. एक ओळ स्वरांच्या पायऱ्या चढत जाते, त्याच वेळी दुसरी ओळ तशाच पायऱ्या उतरत येते, पुन्हा चढते, पुन्हा उतरते. खालून मधेच जड ब्रास वाद्यांचा घाव बसतो. आपला कान षड्जाची वाट बघत राहतो, आणि हरमन तिथे टेकू देत नाही. ई-फ्लॅट मायनरच्या स्वरांमध्ये डी, म्हणजे षड्जाच्या अगदी खालचा स्वर, घुसवून ठेवल्यामुळे सगळं कायम अर्धवट लटकलेलं. पडद्यावर तेव्हा एका बाईच्या डोळ्यातून जॉन व्हिटनीने केलेली वेटोळी फिरत बाहेर येत असतात. चाल दिली असती तर तुम्ही ती गुणगुणला असता आणि सुरक्षित झाला असता. म्हणजे कव्हरचा शेंदरी रंग जे करतो तेच हा माणूस कानाशी करतो. दादाला हे पटवायला मी बराच घसा कोरडा केला.

“पार्श्वसंगीत म्हणजे संवादामागे वाजणारं काहीतरी” हे वाक्य ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याला या चित्रपटातला पाठलाग दाखवायला हवा. स्कॉटी (स्टुअर्ट) गाडीतून मॅडलिनच्या (नोवाकच्या) मागे सॅन फ्रान्सिस्कोभर फिरतो. फुलांचं दुकान, मिशन डोलोरेसचं कब्रस्तान, मग लीजन ऑफ ऑनर संग्रहालय. बराच वेळ जवळजवळ कोणी बोलत नाही. ती कोण आहे, त्याला तिच्याबद्दल काय वाटायला लागलंय, सगळं हरमन सांगतो. संग्रहालयात ती कार्लोटा नावाच्या, केव्हाच मेलेल्या बाईच्या चित्रासमोर बसते तेव्हा हबानेराचा ठेका येतो. तो मुळात नाचाचा, पण इथे इतका संथ की खाली एकच स्वर टोचत राहतो आणि नाचायला कोणीच नाही. रेकॉर्डवर हा तुकडा डोळे मिटून ऐका. आणि हिरव्या निऑनच्या उजेडात मॅडलिनसारखी दिसणारी ज्यूडी समोर येते तिथलं ‘सेन दामूर’, म्हणजे प्रेमप्रसंगाचं संगीत, ऐका. वाग्नरच्या ‘ट्रिस्टान आणि इसोल्ड’ या ऑपेराची सावली त्याच्यावर सरळ दिसते. नामावलीच्या संगीतातलंच ताटकळवणं इथेही आहे, फक्त इथे शेवटी हरमन ते सोडवतो, आणि सोडवतो म्हणूनच अंगावर येतं.

इंग्रजी सिनेमाचं कौतुक कशाला म्हणणाऱ्यांसाठी सत्यजित रेंचा ‘पथेर पांचाली’ आहे. मुलगी दुर्गा गेल्याचं बाप हरिहरला कळतं त्या प्रसंगात आई सर्बजयाचा आक्रोश आपल्याला ऐकूच येत नाही. त्याच्या जागी तार शहनाई हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य वाजतं. १९५५चा चित्रपट, रविशंकरांचं संगीत. दादाही यावर गप्प बसला होता. नंतर “ते वेगळं” म्हणाला. वेगळं कसं, ते अजून सांगायचंय त्याने.

तुमचा मूळ प्रश्न मजा काय असा आहे. कुठली आवृत्ती घ्यावी हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मजा त्यावरही अवलंबून आहे म्हणून सांगते. तेव्हा अमेरिकेतल्या वादकांचा संप होता, त्यामुळे ध्वनिमुद्रण लंडनला गेलं आणि वाद्यवृंद म्युअर मॅथिसनने सांभाळला. मग लंडनच्या वादकांनीही संपाला पाठिंबा देऊन काम थांबवलं, आणि उरलेलं व्हिएन्नात झालं. स्वतः हरमनला आपलं संगीत वाजवून घेता आलं नाही, याचा सल त्याला राहिला. लंडनचा भाग स्टिरिओत आहे, व्हिएन्नाचा मोनोत, आणि फरक कानाला कळतो. पुढे १९९०च्या दशकात जोएल मॅकनीलीने रॉयल स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्राकडून ते नव्याने वाजवून घेतलं. ते स्वच्छ आहे आणि प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येतं. दादाच्या स्पीकरांना तेच आवडतं. मला मॅथिसनचं जुनं आवडतं, थोडं खरखरीत असलं तरी, कारण त्यात एक घाई आहे जी नव्यात नाही. नवख्याने आधी मॅकनीली ऐकायला हरकत नाही. हे मी दादासमोर म्हणणार नाही.

पारितोषिकांवरून दर्जा ठरवणाऱ्यांना एवढंच सांगते की या संगीताला ऑस्करचं साधं नामांकनही नव्हतं. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश सिनेमासिकाच्या २०१२च्या कौलात ‘व्हर्टिगो’ने ‘सिटिझन केन’ला मागे टाकून पहिला क्रमांक घेतला, आणि त्या दोन्ही चित्रपटांचं संगीत हरमनचंच. ‘द आर्टिस्ट’ या चित्रपटात हेच ‘सेन दामूर’ उचलून वापरलं तेव्हा किम नोवाकने जाहीर निषेध केला होता. तिचे शब्द फार कडक होते आणि काहींना ते अती वाटले. मला तिचा राग कळतो. एका चित्रपटासाठी इतकं मापात बेतलेलं संगीत दुसरीकडे लावलं की ऐकणाऱ्याला पहिलाच चित्रपट दिसत राहतो.

आता थोडं मागे घेते. सगळीच पार्श्वसंगीतं रेकॉर्डवर उभी राहत नाहीत. पडद्यावर अप्रतिम वाटलेली कितीतरी चित्राशिवाय अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांचा ढीग होऊन बसतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. ‘व्हर्टिगो’तलेही काही छोटे तुकडे नुसते ऐकताना कंटाळवाणे वाटतात, ते खुशाल पुढे सरकवा. चित्रपट आधी न पाहता रेकॉर्ड ऐकायची असेल तर माझी ना नाही, पण मग कार्लोटाचा तुकडा तुम्हाला नुसता छान वाटेल, भीती नाही वाटणार. आणि कव्हरसाठी जुनी प्रत शोधत असाल तर कडा झिजलेली चालेल, डाग चालतील, पण शेंदरी रंग उन्हाने उडालेला असेल तर घेऊ नका. नंबर टाकायचाच असला तर आतल्या कागदी पाकिटावर टाका, पेन्सिलने.