मिसिंगची तार आणि मागच्या सीटवरचा माणूस

देवगडच्या तुमच्या आजींचा थोरला भाऊ 1944 साली बर्माच्या आघाडीवर बॉम्बर विमानातून गेला तो परतलाच नाही. घरात एक फोटो आणि 'मिसिंग'ची, म्हणजे बेपत्ता असल्याची तार. नाव कुठे शोधायचं आणि श्राद्ध करायचं की नाही, असं तुम्ही विचारलंय. आमच्याही घरात असा एक काका आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

'तो पाठीमागे मशीनगन घेऊन बसायचा' असं आजी सांगतात. म्हणजे विमान बहुतेक व्हेंजन्स, खाली झेपावून बॉम्ब टाकणारं. तेव्हा ती आपल्या हवाई दलाच्या 7 आणि 8 नंबर स्क्वाड्रनकडे, म्हणजे तुकड्यांकडे होती. 8 नंबर बर्माच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आराकानात, 7 नंबर इंफाळच्या बाजूला. माणसं दोनच, पुढे पायलट, मागे गनर. लक्ष्यावर आलं की विमान जवळजवळ सरळ खाली झेपावायचं. अशा वेळी मागे तोंड करून बसलेल्याच्या डोळ्यांसमोर फक्त आकाश उरतं. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

नाव शोधायला युद्धात गेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाइट आहे, शोध मोफत. ज्यांची कबर नाही, त्या बर्माकडच्या हवाई दलाच्या माणसांची नावं सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर कोरलेली आहेत. आडनाव इंग्रजीत जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्यांनी टाकून बघा. पत्त्यात सिंधुदुर्ग शोधू नका, तो जिल्हा 1981 चा. देवगड तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं. (सावंतवाडीचा माणूस असता तर संस्थानाचं नाव सापडलं असतं.) मार्च 1945 पासून हवाई दलाच्या नावाआधी 'रॉयल' लागलं, तेव्हा दोन्ही नावांनी बघा.

आणि हे विसरू नका. नाव सापडलं की तीच तारीख आणि तीच स्क्वाड्रन टाकून पुन्हा शोधा. विमान गेलं असेल तर बहुतेक दोघे गेले. आम्हाला काकाच्या तारखेवर एका पंजाबी मुलाचं नाव मिळालं. इतकी वर्षं आम्ही काकाला त्या जंगलात एकटाच समजत होतो.

श्राद्धाचं म्हणाल तर तिथी माहीत नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या आहेच. शस्त्राने गेलेल्यांसाठी तिच्या आदल्या दिवशीची चतुर्दशी, कॅलेंडरात 'शस्त्रादिहत पितृ श्राद्ध' असं छापलेलं असतं ती. पण आजींना विचारल्याशिवाय काही करू नका. माझ्या आजीने शेवटपर्यंत पान वाढू दिलं नाही. दरवर्षी देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं मात्र घालायला लावायची, 'माझो झिल (मुलगा) खंय आसात थंय त्येका सांभाळ रे म्हाराजा.' आणि सगळे म्हणायचे, 'होय म्हाराजा.' ती गेल्यावर वडिलांनी चतुर्दशीला पान वाढलं. गाऱ्हाणं अजून घालतो, त्यात आता दोन नावं असतात.

तारेचा कागद घडीवर तुटतो. तिचा आधी फोटो काढा, मग सुती कापडात सपाट ठेवा, प्लास्टिकमध्ये नको, आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते. तारेवर नंबर असेल तो इथे लिहा, मी बघतो. आणि आजी बोलतायत तोवर भावाचं हाकेचं नाव आणि वडिलांचं पूर्ण नाव लिहून घ्या.